पिल्लावरची मरळ

पोळ्याच्या आधीच्या रविवारी पैठण तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या काठी मी एक मरळ धरली आणि सोडून दिली. गोष्ट एवढीच. तिला आता वर्ष उलटून गेले, तरी त्या सकाळच्या पाच-सात मिनिटांनी माझी पाठ सोडलेली नाही. हौसेने गळ टाकून मासे धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या आमच्या नऊ जणांच्या गटाने त्या दिवशी गावातल्या शाळेची अकरा मुले काठावर आणली होती. तास-दीड तास मुलांनी गवतावर नुसती फेक शिकली. गळाच्या जागी दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला होता. काठी मागे न्यायची, क्षणभर थांबायचे, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडली की मगच पुढे आणायची. ते क्षणभर थांबणे मुलांना जमत नव्हते आणि गुंत्यावर गुंते पडत होते. शेवटी मी म्हटले, आता पाण्यावर कसे करतात ते पाहा. बेशरमच्या झुडपांच्या पुढे, पाणकणसाच्या बेचक्यात, मी आदल्या रात्री बांधलेला बेडकासारखा फ्लाय, म्हणजे पिसा-दोऱ्याचे नकली आमिष, नेमका जाऊन पडला. दोनदा ओढ दिली आणि पाणी फुटले. त्या आवाजाने मुले जागच्या जागी थिजली.

मरळ चांगली हातभर होती. तिचे सापासारखे चपटे डोके, पाठीवरचा काळपट हिरवा रंग, पोटाकडे उतरत गेलेले पांढुरके पट्टे हे सगळे मी मुलांना पाण्यातच दाखवले. माशाला हात लावण्याआधी हात ओले का करायचे, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून कसा वाचवतो, गळाचा उलटा काटा मी पकडीने आधीच दाबून का टाकला आहे, हे सगळे सावकाश समजावले. मग तळवा सैल केला. मरळ क्षणभर हातातच राहिली आणि शेपटीच्या एका फटक्यासरशी गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनगटावर चिखलाचे शिंतोडे होते आणि मनात पुरेपूर समाधान होते. पंचवीस वर्षे जीवशास्त्र शिकवूनही इतका चांगला तास माझ्याकडून क्वचितच झाला असेल, असे मला वाटले.

तलाव ज्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे, तिचे एक वयस्क सभासद पाळीवर उभे होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मुले खाऊच्या पिशव्यांकडे वळल्यावर ते खाली आले आणि माझ्याजवळ उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “बाई, पिल्लावरची व्हती ती.”

मला आधी कळलेच नाही.

त्यांनी बोट दाखवले तिकडे पाहिले. पाणकणसाच्या अलीकडे परातीएवढ्या जागेत पाणी बारीक उकळल्यासारखे हलत होते. भाताचे आधण उकळायच्या आधी तळातून बुडबुडे वर येतात, तसे. नीट पाहिल्यावर त्यात तांबूस-केशरी रंगाचे शेकडो ठिपके दिसले. तो एकजीव पुंजका नव्हता. तो दोन-तीन ठिकाणी फाटला होता आणि फाटलेल्या जागांमधून चिलापी माशांच्या राखाडी पाठी पुनःपुन्हा वर येत होत्या. प्रत्येक वेळी ठिपके थोडे कमी होत होते. मी म्हटले, “मामा, सोडली ना मी तिला लगेच.” ते म्हणाले, “सोडली की. पर घटकाभर दार उघडं ऱ्हायलं.” त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. जे झाले ते त्यांनी सांगितले आणि ते चपलेचा चिखल खरवडत पाळीवर परत गेले. मुलांना मी त्या दिवशी काहीच सांगितले नाही. टाळ्या वाजवून झाल्या होत्या आणि ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. हे मौन मला मरळीइतकेच टोचत आले आहे.

मरळ पावसाळ्यात काठालगतच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला थोडी जागा मोकळी करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि पुढे काही आठवडे पिल्ले घोळक्याने राहतात. नर-मादी दोघे, किंवा त्यांच्यातला एक, त्या घोळक्याखाली सतत राखण करतो. मी धरली ती नर होती की मादी, हे मला सांगता येणार नाही. मराठीत मरळ स्त्रीलिंगी असल्यामुळे मनात ती आईच होऊन बसली आहे. राखणीवरचा मासा घोळक्याजवळ काहीही हलले की तुटून पडतो. त्याला तेव्हा भूक नसते. माझ्या फ्लायवर तो झेप घेऊन आला, त्यात माझ्या फेकीचे कौशल्य किती आणि त्याची राखण किती, याचा हिशोब मी त्या रात्री अंथरुणात पडून मांडत होते. दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. मरळ हवा घेऊन जगणारा मासा आहे. तिला पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घ्यावीच लागते. ‘मासा शक्यतो पाण्याबाहेर काढू नये’ हे मी मुलांना घोकवत होते, तो नियम हिमालयातल्या थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी मी शिकले होते. तो चुकीचा नव्हता. पण समोरच्या तलावात, त्या महिन्यात, त्या माशाच्या बाबतीत जे सगळ्यात आधी पाहायला हवे होते, ते त्या नियमांच्या यादीत कुठेच नव्हते.

आणि मला ते माहीत होते. हेच मुख्य दुःख आहे. माझे माहेर परतूरकडचे, दुधनेच्या काठचे. आजोबांना आम्ही नाना म्हणायचो. नाना आणि माझा भाऊ संध्याकाळी डोहावर गळ टाकायला जायचे. बांबूची काठी, ज्वारीच्या धांड्याच्या तुकड्याचा तरंगा, उकिरड्यातून उकरून आणलेली गांडुळे, नाही तर कणकेची गोळी. पोरीने गळ हातात धरायचा नाही, असे कोणी बोलून दाखवले नव्हते, पण तो माझ्या हातात कधी दिला गेला नाही. माझे काम गांडुळांचा डबा सांभाळायचे आणि गप्प बसायचे. त्यामुळे मी पाहत बसायचे. खंड्या कोणत्या फांदीवर बसला की डोहाच्या कोणत्या कोपऱ्यात चंदेरी मासोळ्या उडतात, पाणसाप कोणत्या वेळी काठ बदलतो, पहिल्या पावसाने नदी गढूळली की चढणीचे मासे कोणत्या खडकापाशी अडतात, हे मला भावापेक्षा जास्त ठाऊक होते. एकदा असाच केशरी घोळका मीच आधी पाहिला होता आणि नानांना दाखवला होता. नानांनी काही न बोलता गळ गुंडाळला आणि आम्ही डोहाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. माझ्या हातात काठी आली ती पुढे चाळिशी ओलांडल्यावर. काठी आली, आणि नजर कधी गेली ते मला कळलेही नाही.

काठी हाती आली ती हिमाचलात, तीर्थन नदीच्या काठी. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले होते. तिथे एक तरुण गाइड गुडघाभर पाण्यात उभा राहून दोरी हवेत फिरवत होता. आमच्याकडच्या गळाला वजन असते ते शिशाचे किंवा आमिषाचे. फ्लायला वजनच नसते. पिसाचा आणि दोऱ्याचा तो चिमूटभर पुंजका वाऱ्यावर उडून जाईल. वजन दोरीत असते आणि तीच फ्लायला घेऊन जाते. म्हणून ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे लागते. ते थांबणे मला फार आवडले. वर्गात आणि घरात सतत कोणाला ना कोणाला घाई करायला लावण्यात माझे आयुष्य गेले होते. चार दिवस मी तेवढेच शिकत राहिले. तिथला ट्राउटही मूळचा तिथला नव्हे; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो कुल्लूच्या नद्यांमध्ये आणून सोडला. ते तेव्हा मला गमतीदार वाटले होते.

घरी आल्यावर फ्लाय बांधण्याचा नाद लागला. जेवणाच्या टेबलाच्या कडेला एक लहानसा व्हाइस पक्का केला आहे. त्याच्या जबड्यात गळ धरायचा, त्यावर रेशमी दोऱ्याचे वेढे घ्यायचे, मोराच्या पिसाचा एकेक केसर गुंडाळून अळीचे शरीर करायचे आणि शेवटी गावरान कोंबड्याच्या मानेचे पीस आडवे फिरवायचे, म्हणजे त्याचे तंतू पायांसारखे उभे राहतात. कोंबडीवाला आता माझ्यासाठी तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसे कागदात बांधून ठेवतो. बांधताना एक गोष्ट आपोआप होते. मासा काय खातो, हे ठाऊक असल्याशिवाय काय बांधायचे ते कळत नाही. मग ओढ्यात उतरून दगड उलटे करावे लागतात. खुलताबादच्या बाजूच्या एका ओढ्यात मुलांनी पहिल्यांदा दगड उलटा केला, तेव्हा त्याला वाळूच्या कणांचे एक इवलेसे नळकांडे चिकटलेले होते. एका मुलीने ते तळहातावर घेतले. थोड्या वेळाने त्यातून एक डोके आणि सहा पाय बाहेर आले आणि ते घरकुल पाठीवर घेऊन तिच्या हस्तरेषांवरून चालू लागले. ती मुलगी कितीतरी वेळ हात हलवायला तयार नव्हती. त्याच महिन्यात आम्ही शहराच्या खालच्या अंगाला एका नाल्यात तसेच दगड उलटे केले. तिथे लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या तेवढ्या होत्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. हे मी फळ्यावर अनेकदा लिहिले होते. त्या वासात उभे राहून सांगितल्यावर मात्र कोणाला वहीत उतरवून घ्यावे लागले नाही.

जगभर या छंदाच्या मंडळींनी नद्यांसाठी जे काम केले, त्याची सुरुवात बहुधा अशाच पाहण्यातून झाली. अमेरिकेत मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीच्या काठी १९५९ साली काही मासेगिर जमले आणि त्यांनी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था काढली. हौदात वाढवलेले मासे नदीत ओतून गळाची हौस भागवू नका, नदीच अशी ठेवा की मासे तिच्यात स्वतः वाढतील, असा त्यांचा आग्रह होता. माँटाना राज्याने तर १९७४ पासून आपल्या नद्यांमध्ये हौदातले ट्राउट सोडणे थांबवले, कारण सोडणे बंद केलेल्या भागात रानटी ट्राउट वाढतात, हे मॅडिसन नदीवरच्या अभ्यासात दिसून आले होते. इंग्लंडमध्ये ‘रिव्हरफ्लाय पार्टनरशिप’ मासेगिरांना शिकवते की ठरलेल्या जागी तीन मिनिटे पायाने तळ ढवळायचा, वाहून आलेले जाळीत धरायचे आणि आठ प्रकारचे जीव मोजायचे. दर महिन्याला तेच, त्याच जागी. आकडा एकदम घसरला की वर कुठेतरी काहीतरी सोडले गेले आहे, हे समजते आणि तक्रार करायला पुरावा हातात असतो. आम्ही तीच पद्धत आमच्या ओढ्यावर करून पाहिली. आमचा ओढा फेब्रुवारीतच आटला आणि वहीची पुढची पाने कोरी राहिली. मराठवाड्यात कुठलीही पद्धत राबवायची तर आधी ओढा वर्षात किती महिने वाहतो, हे विचारून घ्यावे लागते.

परंतु या मंडळींची सगळ्यात मोठी चूकही आपल्याच दख्खनच्या माशाने घडली, आणि मरळीच्या प्रसंगानंतर मी त्या हकिकतीकडे वारंवार वळत राहिले. मराठीत ज्याला खडस किंवा महाशीर म्हणतात, त्या माशाचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने केले. त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला होता. धरणे झाली, वाळू उपसली गेली, डोहांत सुरुंग उडाले आणि हा मासा आटत चालला. तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. काम मोलाचे होते. पण तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, देशभर वाटली गेली आणि कावेरीतही पोहोचली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, माणसाएवढ्या वजनापर्यंत वाढणारा. बंगळुरूच्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साऊथ इंडिया’सारख्या संस्थेने नदीचे पट्टे भाडेपट्ट्याने घेऊन राखले; जे पूर्वी डोहात सुरुंग लावत, त्यांतल्या काहींना मासेगिरांच्या तळांवर वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळाले. हे सगळे त्या कुबडाच्या माशासाठी चालले होते, आणि त्याच सद्भावनेने नदीत दख्खनचा महाशीर सोडला गेला.

पुढे काय झाले, ते मासेगिरांच्याच नोंदवहीतून कळले. कावेरीकाठी गालिबोरे येथल्या मासेगिरांच्या तळावर १९९८ पासून २०१२ पर्यंत धरून सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली जात होती. २३,००० हून अधिक तासांची मासेमारी, ६,००० हून अधिक मासे. संशोधकांनी ती वही मांडली तेव्हा दिसले की आपला पाहुणा मासा वर्षागणिक वाढत गेला आणि कुबडाचा मासा कमी कमी होत गेला. त्यातही एक गोष्ट अशी की कुबडाच्या माशाचे सरासरी वजन मात्र वाढत होते. वाचताना प्रथम वाटते, ही चांगली खूण आहे. तिचा अर्थ उलटा होता. म्हातारे तेवढे उरले होते. लहान मासे गळाला लागत नव्हते, कारण ते नदीत नव्हतेच. तो मासा नेमका कोणत्या जातीचा, हेही २०१८ साली निश्चित झाले. ‘टॉर रेमादेवी’ हे नाव त्याला लागू झाले आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. ती नोंद ठेवणाऱ्या लोकांनी नदीचे नुकसान केले की नदीवर उपकार केले, हा प्रश्न मला कोणी विचारला तर मला एका शब्दात उत्तर देता येणार नाही. दोन्ही खरे आहे. वही नसती तर ती दोन्ही सत्ये कोणाला कळली नसती.

त्या प्रसंगानंतर आठवड्याने मी मामांच्या घरी गेले. चुलीच्या धगीला बसून चहा प्यायला. मी विचारले, तुम्ही लोक पिल्लावरची मरळ धरत नाही का? खरे उत्तर मिळावे अशी इच्छा होती आणि ते मिळाले. ते म्हणाले, धरणारे धरतात. पिल्लावरची मरळ जागा सोडत नाही, म्हणून तिला धरणे सोपे. मरळीला बाजारात भाव आहे, ती जिवंत विकली जाते, बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला देतात. शिवाय संस्थेने पैसे भरून तलावात सोडलेली कटला-रोहूची बोटुकली मरळ खाते, त्यामुळे ती गेली तर कित्येकांना बरेच वाटते. ते स्वतः मात्र धरत नाहीत. का, असे विचारल्यावर म्हणाले, “बापानं सांगितलं व्हतं, लेकरावरून उचलू नको.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, तुम्ही तरी खाणार नव्हता, मग तिला तिथून हलवली कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते. माझ्या पिशवीत संवर्धनाची, शिक्षणाची, पुढच्या पिढीची कितीतरी उत्तरे होती. त्या चुलीसमोर मला त्यातले एकही काढावेसे वाटले नाही.

मासा धरून सोडणे हे पोट भरलेल्याचे काम आहे, यात शंका नाही. ज्याच्या घरी रात्रीचे कालवण त्या गळावर अवलंबून आहे, त्याला मी सोडण्याचे धडे देणार नाही, आणि आमच्या गटातल्या कोणी दिले तर ते मला खपणार नाही. पण मामांचे हातजाळे आणि आमची काठी यांच्यात भांडण लावून ज्यांचे फावते, ते वेगळेच लोक आहेत. विहिरी फोडायला आणलेले जिलेटीन डोहात टाकतात, मोटारीच्या वायरीने पाण्यात करंट सोडतात, उन्हाळ्यात आक्रसलेल्या डबक्यात कीटकनाशक ओततात. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्याला या देशात १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षे झाली. बंदी पाळली जाते ती त्या काठावर कोणीतरी उभे असेल तरच. दुधनेच्या आमच्या डोहावर कोणी उभे नव्हते. भाऊ शहरात गेला, नाना गेले, वाळूचे ट्रॅक्टर पात्रात उतरले आणि ज्या खडकापाशी चढणीचे मासे अडायचे तो खडक आता उघड्यावर, कोरड्या खड्ड्याच्या कडेला आहे. माझ्या लहानपणीच्या त्या पाहण्याचा कुणालाच उपयोग झाला नाही, कारण मी त्यातले काहीही कुठे लिहून ठेवले नव्हते.

उन्हाळ्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आमच्या भागात सगळे तिथेच येऊन थांबते. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी तापले की माशाला श्वास जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी उरतो. थंड देशांतल्या ट्राउटच्या नद्यांवर पाणी तापू लागले की दुपारनंतर गळ बंद ठेवतात. आम्ही गुढीपाडव्यापासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत काठ्या कपाटात ठेवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या उघड्या पडलेल्या तळावरून मी चालले होते. १९७६ पासून जिथे पाणी आहे असे आपण गृहीत धरतो, तिथे ओंजळभर रुंदीच्या भेगा होत्या. एका ओलसर खळग्यात दोन बायका हाताने चिखल उपसत होत्या. त्यांच्या घमेल्यात एक मरळ होती, अंगभर चिखल माखलेली, तोंड उघडून हवा घेणारी. ओल असेल तर ती चिखलातही दिवस काढते. त्या बायकांना मी काही म्हटले नाही. म्हणण्यासारखे काही नव्हते. आम्ही तिघी काही वेळ त्या मरळीकडे पाहत उभ्या राहिलो.

आमच्या गटात त्या रविवारनंतर बरीच चर्चा झाली. दोघांचे म्हणणे असे पडले की एवढ्या तेवढ्याने मन लावून घेतले तर काठी हातात धरताच येणार नाही. त्यांचे चूक आहे असे मला वाटत नाही. गळ म्हटला की इजा आलीच आणि ती शून्य करता येत नाही. पण आमचा शिकवण्याचा क्रम उलटा होता, हे सगळ्यांना पटले. आम्ही आधी हात शिकवत होतो आणि डोळे नंतर, वेळ उरला तर. आता पहिल्या दोन रविवारी काठ्या गाडीतून उतरतच नाहीत. मुले काठावर बसतात आणि मामा बोलतात. बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षकाला देतो तेवढेच मानधन त्यांना देतो. पहिल्या दिवशी ते खुर्चीवर बसायला तयार नव्हते. मग आम्हीच खुर्च्या बाजूला ठेवल्या आणि सगळे गवतावर बसलो. पाण्यावरचा बुडबुडा कासवाचा कोणता आणि मरळीचा कोणता, चिलापीची मादी पिल्ले तोंडात घेऊन फिरते तेव्हा तिचा गळा कसा फुगलेला दिसतो, पाणकणीस कोणत्या बाजूला वाकले म्हणजे खाली मोठा मासा आहे, हे ते सांगतात. मी शेजारी बसून लिहून घेते. माझी एवढी पदवी आणि अनुभव असूनही त्यातले निम्मे मला नवीन असते, आणि उरलेल्यातले काही मला लहानपणी येत होते.

या वर्षी पोळ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही त्याच तलावावर गेलो. मागच्या वर्षीची सहा मुले पुन्हा आली होती. पाळीखाली बसल्यावर मी त्यांना मरळीची सगळी हकिकत सांगितली, टाळ्यांसकट. कोणी काही बोलले नाही. ज्या मुलीच्या तळहातावरून ते वाळूचे घरकुल चालत गेले होते, तिने एवढेच विचारले, “बाई, मग किती राहिली?” मी म्हटले, मला माहीत नाही, मी मोजली नाहीत.

मग ती वही घेऊन पाणकणसासमोर जाऊन बसली. तिच्यामागे दोन मुले गेली, मग मामा. आभाळ भरून आले होते, वारा नव्हता. पाऊण तास काही झाले नाही आणि दोन्ही मुले कंटाळून उठली. ती बसून राहिली. परतताना गाडीत मी तिची वही घेऊन पाहिली. मामांनी सांगितल्याप्रमाणे तिने तारीख, वेळ, वारा, पाण्याचा रंग असे सगळे रकाने भरले होते. खाली पेन्सिलीने लिहिले होते: पिल्ले दिसली, लाल, एका ताटात मावतील एवढी. चिलापी दोनदा जवळ आली. मरळ दिसली नाही. खालून पाणी हलले आणि चिलापी गेली.